नाटक मंडळीचा खर्च कोणाच्या नावावर?

सिद्धेश्वरला नाट्यगृह नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातले हे गाव पूर्णा नदीवरच्या धरणामुळे लोकांना ठाऊक झाले. वरच्या अंगाला येलदरी, खाली सिद्धेश्वर. इथे नाट्यसंगीत पोहोचले ते रेडिओवरून आणि तमाशा भेटला तो जत्रेत. रेडिओवर बालगंधर्वांचे पद लागले की आमचे बडे अब्बा हातातले काम टाकून ऐकत बसत. पद संपले की निवेदक गायकाचे नाव सांगे, कधी नाटकाचेही सांगे. तबल्यावर कोण, सारंगी कोणाची, हे मात्र कधी सांगत नसे. बडे अब्बा विचारत, "गानेवाले का नाम होता, बजानेवाले का क्या होता?"

तेव्हा ही म्हाताऱ्या माणसाची कुरकूर वाटे. पुढे संगीत रंगभूमीवरचे मराठी लेखन वाचू लागलो आणि ध्यानात आले की हा प्रश्न आपल्या समीक्षेनेही विचारलेला नाही. नाटक मंडळ्या का बुडाल्या यावर मात्र पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात तीन उत्तरे पुन्हा पुन्हा येतात. मालकाने उधळपट्टी केली, हे पहिले. बोलपटाने प्रेक्षक पळवला, हे दुसरे. आणि बालगंधर्वांच्या बाबतीत दबक्या आवाजात दिले जाणारे तिसरे उत्तर म्हणजे, एका बाईने त्यांना बुडवले. प्रस्तुत लेखात ही तिन्ही उत्तरे हिशेबाच्या वहीवर घासून पाहायची आहेत.

गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे असे तिघे तिचे भागीदार होते. पुढे टेंबे आणि बोडस बाहेर पडले आणि सगळा भार एकट्या बालगंधर्वांवर आला. 'स्वयंवर' १९१६ चे, 'एकच प्याला' १९१९ चे. १९२० मध्ये खाडिलकरांचे 'द्रौपदी' आले. त्यातल्या मयसभेच्या देखाव्यावर मंडळीने पाण्यासारखा पैसा ओतला. लगेच पुढच्या काळात मंडळी लाखाहून अधिक कर्जात असल्याचे उघड झाले. ते कर्ज बालगंधर्वांनी काही वर्षे सतत प्रयोग करून फेडले. पण खर्चाची रीत बदलली नाही. १९३० नंतर बोलपट आले आणि मंडळी पुन्हा खचली. १९३५ साली बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा' या चित्रपटात एकनाथांच्या भूमिकेत दिसले, तेव्हा मंडळीचे जुने वैभव सरलेले होते.

या कहाणीतले अत्तर, शालू आणि खरे दागिने सर्वांना पाठ आहेत. बालगंधर्व हिशेबी नव्हते हे मान्यच केले पाहिजे. पण नाटक मंडळी म्हणजे फिरता संसार होता. नट, गवई, पडदे ओढणारे, शिंपी, आचारी, पाणके असा सारा गोतावळा एका बिऱ्हाडात राही आणि रेल्वेने सामानासकट गावोगाव फिरे. प्रयोग झाला तरी आणि पावसाने बुडाला तरी दोन्ही वेळची पंगत उठवावीच लागे. अत्तराचा खर्च एखादे वर्ष टाळता येईल. पंगतीचा खर्च टाळता येत नाही. मंडळीच्या खर्चाचा पाया माणसे हा होता. ऐश्वर्य त्यावर चढलेला मजला होता. आपली समीक्षा मजला पाहून हळहळली, पाया तिने मोजला नाही.

हे दुखणे एकट्या मराठी रंगभूमीचे नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली नाटक-संगीताच्या अर्थकारणावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे आपल्या भाषेत असे: गिरणीत यंत्र आले की तेवढीच माणसे दुप्पट कापड काढतात. पण चार वादकांची रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी चार वादक लागत आणि आजही चारच लागतात. वेळही तितकाच लागतो. बाहेरची मजुरी वाढत जाते, तशी वादकाचीही वाढवावी लागते. काम मात्र वाढत नाही. म्हणून संगीताचा प्रयोग दरवर्षी आपोआप महाग होत जातो, मालक उधळ्या असो की चिक्कू. पहिले उत्तर इथेच अर्धे कोसळते.

आता या खर्चाच्या रकान्यात कोण कोण होते ते पाहू. 'स्वयंवर'चे संगीत भास्करबुवा बखले यांचे. भास्करबुवांची तालीम फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे झालेली. म्हणजे ज्या चालींनी मराठी मध्यमवर्ग वेडा झाला, त्यांच्यामागे उस्तादांची विद्या उभी होती. मंडळीच्या तबल्यावर उस्ताद अहमदजान थिरकवा बसत आणि सारंगीवर कादरबक्ष. हे दोघे म्हणजे मिरवायचे मानकरी नव्हेत. गायक-नट पदाचा विस्तार करतो, 'वन्स मोअर' येतो, पुन्हा नवी जागा घेतो. तेव्हा त्याला सांभाळणारा ठेका आणि गळ्याच्या पाठोपाठ येणारी सारंगी नसेल तर ती जागा रिकामी पडते. बालगंधर्वांच्या गाण्यातला जो ठहराव आपण वाखाणतो, तो एका माणसाचा नाही, तीन-चार माणसांचा आहे. तरी इतिहास लिहिताना बालगंधर्व कलेच्या रकान्यात गेले आणि थिरकवा-कादरबक्ष खर्चाच्या रकान्यात. थिरकवांचे नाव पुढे त्यांच्या स्वतंत्र वादनाने देशभर झाले म्हणून ते उरले तरी. कादरबक्षांवर मराठीत चार पाने सलग वाचायला मिळत नाहीत.

दुसरे उत्तर बोलपटाचे. ते खोटे नाही. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, १९३२ मध्ये मराठी 'अयोध्येचा राजा'. नाटकांची थिएटरे सिनेमाकडे गेली. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांनी भावंडांच्या साथीने नाट्यशाखा काढली, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करण्याचा पायंडा पाडला. तीही बोलपटाच्या लाटेत टिकली नाही. पण सिनेमाने नेमके काय स्वस्त केले? गाणे एकदा ध्वनिमुद्रित झाले की वादकाला रोज पैसे द्यावे लागत नाहीत. सिनेमाने नटाला हटवले नाही, उलट पडद्यावर मोठा केला. हटला तो रोज रात्री वाजवणारा.

तिसरे उत्तर आपल्या वाचकांना सर्वांत जवळचे आणि दुखरे आहे. गोहरबाई कर्नाटकी विजापूरकडच्या. गायिका अमीरबाई कर्नाटकी त्यांची बहीण. बालगंधर्वांच्या पदांवर पोसलेला त्यांचा गळा होता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्या बालगंधर्वांच्या रंगभूमीवर आल्या. पुढे १९५१ मध्ये दोघांनी लग्न केले. बालगंधर्वांच्या पांगळेपणाच्या काळात त्या त्यांच्याजवळ होत्या आणि १९६४ मध्ये त्यांच्या आधी गेल्या. बालगंधर्व १९६७ मध्ये गेले. गोहरबाईंनी गंधर्वांना लुबाडले, त्यांच्यामुळे वैभव गेले, हे मराठी घरांतून इतके बोलले गेले की ते इतिहास वाटू लागले.

त्यासाठी वादविवादाची गरज नाही, वर्षे एकापुढे एक मांडली तरी पुरे. 'द्रौपदी'चे कर्ज १९२० नंतरचे. बोलपटाचा तडाखा १९३१ नंतरचा. 'धर्मात्मा' १९३५ चा. गोहरबाई आल्या त्या या सगळ्यानंतर. बुडालेल्या गलबतावर जी बाई चढली, तिनेच भोक पाडले असे म्हणणे हा हिशेब नव्हे. तिच्या वागण्यात दोष नव्हते असे मला म्हणायचे नाही. माणूस आहे, दोष असतील. पण वैभवाची माती झाली तेव्हा ती तिथे नव्हती. तरी दोष तिच्याकडे सरकला, कारण ती बाई होती, गाणारी होती आणि मुसलमान होती. घरच्या माणसाच्या उधळपट्टीला आपण रसिकता म्हणतो आणि बाहेरून आलेल्याच्या पोटाला लूट म्हणतो. ही सवय समीक्षेलाही लागली, हे नोंदवले पाहिजे.

पुढे १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' आले. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे लेखन, पंडित जितेंद्र अभिषेकींचे संगीत, नाट्यसंपदेची निर्मिती आणि वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब. मराठी रंगभूमीच्या ऐन मध्यभागी एक मुसलमान गवई त्याच्या अहंकारासह आणि विद्येसह उभा राहिला, याचा आनंद आपल्याला आजही आहे. पण एक विसंगती पाहावी. खाँसाहेब रंगमंचावर आले त्या काळात रंगमंचासमोरची सारंगी उठून गेलेली होती. ऑर्गन किंवा हार्मोनिअम आणि तबला एवढ्यावर संगीत नाटक भागवू लागले. पात्र म्हणून खाँसाहेब परवडले, साथीदार म्हणून परवडले नाहीत.

असे भागवणे जगभर चालते. लंडनमध्ये १९८६ पासून चालणारे 'फँटम ऑफ द ऑपेरा' हे संगीत नाटक कोरोनानंतर जुलै २०२१ मध्ये पुन्हा उभे राहिले, तेव्हा २७ वादकांचा ताफा १४ वर आणला गेला. न्यूयॉर्कमध्ये मोठा ताफा राहिला. तिथे तेच नाटक १६ एप्रिल २०२३ रोजी १३,९८१ प्रयोगांनंतर बंद झाले. कारण सांगितले गेले ते वाढता खर्च आणि घटता प्रेक्षक. म्हणजे पर्याय दोनच ठेवले गेले: वादक कमी करा, नाहीतर पडदा पाडा. झुंबर काढा असे कोणी म्हटले नाही.

हे सारे मुंबई-पुणे-लंडनचे झाले. आमच्या भागात संगीत नाटक म्हणजे तमाशा. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत ज्यांनी तंबूबाहेरची गर्दी पाहिली, त्यांना 'संगीत रंगभूमी संपली' हे वाक्य उमजत नाही. पण वही इथेही तीच आहे. तंबूचा मोठा फड म्हणजे शंभरएक माणसे, सामानाच्या गाड्या, डिझेल, जनरेटर, कनाती. हंगामाआधी कलावंतांना उचल द्यावी लागते, त्यासाठी फडमालक व्याजाने पैसे काढतो. जत्रांच्या सुपाऱ्या फुटायचा मोठा दिवस गुढीपाडवा. नारायणगावात फडांच्या राहुट्या त्यासाठीच लागतात. २०२० साली पाडवा २५ मार्चला होता, आणि तोच देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस ठरला. ऐन जत्रांचा काळ गेला, पुढचे वर्षही गेले. उचल मात्र खाऊन झालेली होती आणि व्याज थांबले नव्हते.

फड वाचवण्यासाठी काय कापले जाते? रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, म्हणून रात्रभराचा वग आखडला. गण-गवळण घाईत उरकते. चित्रपटातली गाणी ध्वनिमुद्रणावर नाचली जातात, मग ढोलकीवाला, हलगीवाला आणि सुरत्ये यांना काम किती उरते? म्हणजे पुन्हा वाजवणारा आणि त्याच्यासोबत लिहिणारा. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर यांनी हयातभर नामवंत फडांसाठी वग, लावण्या आणि गीते लिहिली. २०१८ सालचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी ते गेले. जेजुरीच्या शिकलगार घराण्यातल्या सगनभाऊंपासून चालत आलेली ही वाट आहे. पण वगाला टाळी पडते ती फडाच्या नावावर. लिहिणाऱ्या मोमीनभाईंचे नाव किती श्रोत्यांना ठाऊक होते?

खर्च कमी करण्याची दुसरीही रीत आपल्याकडे होऊन गेली. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्या १९४४ च्या लाल बावटा कलापथकाने डफ, तुणतुणे आणि गळे एवढ्यावर मैदाने भरवली. त्यांनी देखावे सोडले, माणसे सोडली नाहीत. पथकाला अडचणी आल्या त्या राजकारणाच्या. मयसभेशिवाय संगीत नाटक उभे राहू शकते. साथीशिवाय राहत नाही.

म्हणून अनुदानाची चर्चा करताना मालकाला किती मिळाले यापाशी थांबू नये. शासन लोककला पथकांना भांडवली आणि प्रयोगासाठी साहाय्य देते. त्यातला किती भाग ढोलकीवाल्याच्या आणि वगलेखकाच्या हातात पडतो, ते कागदावर दिसले पाहिजे. आणि आपण, या वार्षिकाचे लिहिणारे-वाचणारे, एक काम विनाअनुदान करू शकतो. आपल्या गावात, नात्यात कोणी सारंगी, तबला, ढोलकी, सनई वाजवून कोणा मंडळीत वा फडात दिवस काढले असतील, तर त्यांचे नाव, गाव, वाद्य, फड आणि मिळणारा पगार लिहून ठेवावा. बडे अब्बांसारखी माणसे एकेक करून जात आहेत. ती गेल्यावर ही नावे सांगणारे कोणी उरणार नाही.