'गृहलक्ष्मी'चे मुखपृष्ठ : स्तनपान, नग्नता आणि समाजदृष्टी

मल्याळम पाक्षिक 'गृहलक्ष्मी'च्या मार्च २०१८ मधील अंकाच्या मुखपृष्ठावर अभिनेत्री गिलू जोसेफ बाळाला स्तनपान देताना दाखविली आहे. मातांकडे रोखून पाहू नये, असे आवाहन त्यातून केले होते. प्रस्तुत टिपणात या प्रतिमेची चिकित्सा करावयाची आहे.

नग्नतेचे संकेत निसर्गदत्त नसून समाजनिर्मित असतात, हे केरळच्या इतिहासातून स्पष्ट होते. त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना वक्षस्थळ झाकण्याची मुभा दीर्घ संघर्षानंतर १८५९ मध्ये मिळाली. तेव्हा झाकणे हा जातीचा विशेषाधिकार होता. आता उघडे असणे हा निर्लज्जपणा ठरतो. दोन्ही वेळी निर्णय स्त्रीचा नव्हता.

सदर मुखपृष्ठावर अश्लीलतेचा आक्षेप घेतला गेला. अभिनेत्री अविवाहित असून स्वतः माता नाही, हाही आक्षेप होता. म्हणजे वाद केवळ देहाचा नव्हता, तर तो दाखविण्याच्या परवान्याचा होता. मात्र भांगातील सिंदूर व मंगळसूत्र यांचा आधार घेऊन मुखपृष्ठानेही तोच परवाना मान्य केला. ही या प्रतिमेची मर्यादा होय.

केरळ उच्च न्यायालयाने २०१८ मध्येच अश्लीलतेचा आरोप अमान्य केला. निकालात अजिंठ्याची चित्रे व राजा रविवर्मा यांचा दाखला आहे. कलापरंपरेचा हा आधार चित्राला पुरेसा ठरतो. बसस्थानकावर रडणाऱ्या बाळाला पदराआड घेणाऱ्या मातेला तो पुरत नाही. तिचा हक्क सौंदर्यातून नव्हे, बाळाच्या भुकेतून सिद्ध होतो. समाजदृष्टीची खरी कसोटी तेथेच आहे.