काटकसरीची सहल आणि पत्रांचा घाट : 'लेटर्स फ्रॉम आइसलंड'चा एक विचार

डब्ल्यू. एच्. ऑडन आणि लुई मॅक्नीस ह्या दोन कवींनी मिळून लिहिलेले 'लेटर्स फ्रॉम आइसलंड' हे पुस्तक १९३७ साली लंडनच्या फेबर अँड फेबर ह्या संस्थेने प्रसिद्ध केले. त्याची जी चर्चा आजवर झाली आहे ती बहुतांशी त्याचे तुकडे पाडून झालेली आहे. लॉर्ड बायरनला उद्देशून ऑडनने लिहिलेले दीर्घ पद्यपत्र पुढे त्याच्या संग्रहात स्वतंत्र रचना म्हणून आले. 'जर्नी टु आइसलंड' ही कविता निवडक वेच्यांत गेली. मॅक्नीसचे संवादकाव्य त्याच्या कवितांच्या अभ्यासकांनी उचलले. मागे जे उरले, म्हणजे प्रवाशांना दिलेल्या सूचना, जेवणाच्या तक्रारी, तंबूतील रात्री, थट्टामस्करी आणि खर्चाची माहिती, ते केवळ भरताड म्हणून बाजूस ठेवण्यात आले. वस्तुतः ह्या उरलेल्या भागातच पुस्तकाच्या घाटाचे मर्म आहे, आणि तो भाग वगळला म्हणजे पुस्तकावरील पलायनवादाच्या आक्षेपाला उत्तर देण्याचे साधनच हातचे जाते.

ह्या सहलीची हकीकत थोडक्यात अशी. ब्रायन्स्टन शाळेतील काही मुले आपल्या एका शिक्षकाबरोबर १९३६ च्या उन्हाळ्यात आइसलंडला जाणार असल्याचे ऑडनला कळले. त्यांतील एक मुलगा त्याचा पूर्वीचा विद्यार्थी होता. आइसलंडविषयीची ओढ ऑडनला वडिलांकडून मिळालेली होती. घराण्याचे नाव मूळचे तिकडचे असावे असा कुटुंबात समज होता, आणि पुस्तकही वडिलांनाच अर्पण केलेले आहे. परंतु ओढ असली तरी पैसा हवा. तो ऑडनने प्रवासवर्णन लिहून देण्याच्या कराराने प्रकाशकाकडून मिळविला. म्हणजे अनुभव आला आणि मग पुस्तक सुचले असा येथे क्रम नाही. पुस्तक आधी गहाण पडले आणि त्या उचलीवर सहल निघाली. ऑडन जूनमध्ये बेटावर पोहोचला. मॅक्नीस ऑगस्टमध्ये त्यास येऊन मिळाला. पुढे शाळेच्या मंडळींसह सर्वांनी भाड्याच्या घोड्यांवरून लांगयोकुल ह्या हिमाच्छादित पठाराला वळसा घातला.

कराराने बांधलेल्या लेखकापुढे अडचण उभी राहिली ती लिहावे काय ही. प्रवासातील प्रत्यक्ष घटना एकमेकींसारख्याच असतात. जेवणे, झोपण्याच्या जागा, पिसवा आणि किरकोळ संकटे, अशी कबुली ऑडन एरिका मान हिला लिहिलेल्या पत्रात देतो. त्याच पत्रात तो सांगतो की, बसमध्ये बसला असता त्याला एकाएकी कल्पना सुचली. बरोबर बायरनचे पुस्तक होते. तेव्हा बायरनलाच हलक्याफुलक्या पद्यात पत्र लिहावे, त्यात मनात येईल ते सर्व घालावे, आणि त्या मध्यवर्ती धाग्यावर इतर मित्रांना लिहिलेली पत्रे ओवावीत. ही कल्पना बसमध्ये सुचावी ह्याला महत्त्व आहे. स्वतंत्र मोटार किंवा वाटाड्यांचा ताफा परवडणाऱ्या प्रवाशाला समोरचे दृश्य आपल्या मालकीचे वाटण्याचा संभव असतो. बसच्या उतारूला तसे वाटत नाही. त्याला वेळ काढावयाचा असतो, आणि वेळ काढण्याची सर्वांत स्वस्त रीत म्हणजे गप्पा. बरोबर कोणी नसेल तर त्या दूरच्या मित्रांशी, आणि तेही पुरेसे नसतील तर शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या कवीशी!

गप्पांचा हा धर्म पुस्तकाच्या रचनेत किती खोलवर उतरला आहे ह्याचे उत्तम उदाहरण क्रिस्तोफर इशरवुडला लिहिलेल्या पत्रात सापडते. 'जर्नी टु आइसलंड'मध्ये समुद्राला नावे असतात ती कोणाजवळ, असा एक प्रश्न येतो. ऑडनने लिहिले होते 'कवींजवळ'. इशरवुडने वाचले 'बंदरांजवळ'. इंग्रजीत ह्या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आहे. ऑडन चूक दाखवून देतो, आणि लगेच ही चूक मूळ कल्पनेहून सरस असल्याचे सांगून ती तशीच ठेवतो. कवितेचा शब्द येथे मित्राच्या चुकलेल्या वाचनातून सिद्ध झाला आहे. कविता संग्रहात एकटी छापली की हा प्रसंग नाहीसा होतो. शब्द तेवढा राहतो.

प्रवाशांसाठी लिहिलेले प्रकरण ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. त्यात कपडे, वाहने, मुक्काम, घोडे आणि किमती ह्यांची माहिती आहे, आणि अन्नाविषयी तर असे काही लिहिले आहे की तेथील यजमानांनी ते वाचले असल्यास त्यांची काय अवस्था झाली असेल, असे मनात यावे. सुकविलेल्या मासळीच्या दोन जाती सांगताना मनुष्याच्या पायाची नखे आणि तळव्याची साल ह्यांची उपमा दिली आहे. कुजवून मुरविलेल्या शार्क माशाची चव बुटाच्या पॉलिशसारखी ठरविली आहे. गोड सूपांपैकी एकाला केसांच्या सुगंधी तेलाच्या पंक्तीस बसविले आहे. हा विनोद चावटपणाचा आहे हे खरे. परंतु त्याचे कार्य काय, हे पाहिले पाहिजे. आइसलंड ही इंग्रजी वाङ्मयात पूर्वीपासून पूज्य भूमी होती. विल्यम मॉरिस १८७१ साली तिघा सोबत्यांसह तेथे गेला, तो वीरकथांच्या स्थळांची यात्रा करण्यासाठी. त्यानेही तट्टांवरून प्रवास केला, तंबू ठोकले आणि मंडळींचा स्वयंपाकही केला. पण चुलीचा धूर त्याच्या भक्तीला झाकू शकला नाही. ऑडन-मॅक्नीस ह्यांच्या पिढीला भक्तीची तशी मोकळीक उरली नव्हती. वीरकथांचा आणि 'उत्तरेच्या रक्ता'चा घोष त्या वेळी निराळ्याच तोंडांतून ऐकू येत होता. हॉलार येथे ऑडन उतरला असता गोअरिंगचा भाऊ आपल्या मंडळींसह येणार म्हणून तेथे धांदल उडाली होती, आणि आइसलंड हे जर्मनिक संस्कृतीचे उगमस्थान असल्याचा नाझींचा सिद्धान्त होता, ह्याची नोंद पुस्तकात आहे. ती ज्या पत्रात आहे ते पत्र टॉमस मानच्या मुलीला लिहिलेले आहे. ह्या एरिका मानशी ऑडनने १९३५ साली विवाह केला तो तिला ब्रिटिश पारपत्र मिळावे एवढ्याचसाठी. हा संदर्भ ध्यानी घेतला म्हणजे मासळीची थट्टा केवळ पोरकट राहत नाही. भव्यतेची भाषा जेथे शत्रूने बळकावली आहे, तेथे बेताच्या पैशांत जगणाऱ्या उतारूची भाषाच तेवढी विश्वासार्ह उरते.

मराठी वाचकाला येथे विष्णुभट गोडसे ह्यांच्या 'माझा प्रवास'ची आठवण होणे स्वाभाविक आहे. वरसईहून गोडसे भटजी उत्तर हिंदुस्थानात निघाले ते घरचे कर्ज फिटावे म्हणून, दक्षिणेच्या आशेने. आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्यांच्या निवेदनाला जी प्रत्ययकारकता लाभली तिचे एक कारण असे की, लढाई पाहणारा मनुष्य आपली कनवटही सांभाळतो आहे हे वाचकाला सतत जाणवते. साम्य अर्थात येथेच संपते. भटजी झाशीच्या वेढ्यात प्रत्यक्ष होते. ऑडनला स्पेनमधील यादवीची वार्ता जुलै १९३६ मध्ये, हजार मैलांहून दूर, आयती कळली.

हाच आक्षेपाचा मुद्दा आहे. युरोप पेटत असता बेटावर जाऊन मौज करणे हे पलायन नव्हे काय? 'जर्नी टु आइसलंड'मध्ये बेट म्हणजे आसरा ही कल्पना मांडली जाते आणि तेथल्या तेथे संशयित होते. मॅक्नीसच्या संवादकाव्यात ती अधिक कठोरपणे तपासली आहे. क्रेव्हन आणि रायन हे दोघे प्रवासी उजाड माळावर बसले असता ग्रेटिर ह्या बहिष्कृत वीराचे भूत त्यांच्यापुढे येते. ग्रेटिरची कथा जाणणाऱ्यास ही योजना किती अचूक आहे हे सांगावयास नको. हाही अखेरीस एका बेटावरच राहिला होता. ड्रांगेच्या उभ्या कड्यांवर धाकटा भाऊ आणि एक चाकर एवढ्याच सोबतीने त्याने अखेरची वर्षे काढली, आणि मरण त्याला तेथेही गाठून गेले. अंधाराची भीती वाटणारा हा बलाढ्य पुरुष दोघा सुटीकरांना परत जावयास सांगतो. बेटावरील सहलीच्या पुस्तकात बेटाने आसरा न दिलेल्या मनुष्यास साक्षीला उभे करणे हे पलायनवाद्याचे लक्षण नव्हे.

ताल्क्नाफ्योर्ड येथील देवमाशांच्या कारखान्याचे वर्णनही ह्याच संदर्भात वाचावे. वाफेच्या यंत्रांनी प्रचंड धूड फाडले जाते. मध्येच दुपारच्या जेवणाची वेळ होते, आणि कामगार तो फाटका देह तसाच टाकून निघून जातात. ह्या दृश्यात मानवजातीच्या थंड, शिस्तबद्ध क्रौर्याचे दर्शन झाल्याचे ऑडन म्हणतो खरे, परंतु आवाज चढवीत नाही. जेवणाचे दर ज्या स्वरात सांगितले त्याच स्वरात हेही सांगितले जाते. तीस-चाळीस पाने हिशेबी, थट्टेखोर बोलणे ऐकून वाचकाचा कान तयार झालेला असतो, म्हणूनच ह्या स्वराचा परिणाम होतो. वेच्यांच्या पुस्तकात तो होणार नाही.

'हेटी टु नॅन्सी' हे मॅक्नीसचे प्रकरण मात्र अडचणीचे आहे. त्यात घोड्यांवरील सहलीची सारी हकीकत एका बाईने मैत्रिणीला लिहिलेल्या पत्राच्या रूपात येते. मुले मुली होतात, शिक्षक बाई होतात आणि ऑडन 'मेझी' होतो. ओले तंबू, अपुरी जागा, एकमेकांच्या सवयींचा वैताग, ह्या गोष्टी मित्रांच्या टोळीने स्वस्तात प्रवास केलेल्या कोणाही वाचकास ओळखीच्या वाटतील. सोंग मात्र आवश्यकतेहून फार लांबले आहे. त्याची एक बाजू तरीही सहसा नजरेतून निसटते. मॅक्नीसची पत्नी १९३५ च्या अखेरीस त्यास सोडून गेली होती. ज्या मनुष्याला त्या वर्षी स्वतःविषयी उघड बोलणे जड जात असेल त्याने दुसऱ्याचा आवाज उसना घ्यावा आणि थंडीपावसाच्या कुरबुरीत दिवस घालवावे, ह्यात आश्चर्य नाही. मित्रांनीही त्यास फारसे काही विचारले नसावे, असे त्या पानांवरून वाटते. सहलीच्या सोबतीचा हा एक उपयोग आहे, आणि शब्दबद्ध करावयास तो कठीण आहे.

शेवटच्या मृत्युपत्राचे समर्थन करणे कठीण. फ्रेंच कवी व्हियाँ ह्याच्या धर्तीवर दोघे कवी आपली नसलेली मालमत्ता मित्रांना आणि नामवंतांना वाटून टाकतात. निर्धनांनी मृत्युपत्र करावे ही कल्पना पुस्तकाच्या प्रकृतीला धरून आहे. पण ज्यांना देणग्या मिळतात त्यांतील पुष्कळ नावे आज टीपांवाचून कळत नाहीत. येथे गप्पा दाराआड गेल्या आहेत आणि वाचक बाहेर राहिला आहे. त्याहून गंभीर उणीव ही की, इतक्या पत्रांपैकी आइसलंडच्या रहिवाशाला लिहिलेले पत्र एकच आहे. ज्यांच्या घरी हे लोक राहिले आणि ज्यांचे घोडे त्यांनी भाड्याने घेतले, ती माणसे पुस्तकात जवळजवळ मुकीच राहतात. काटकसर करणारा प्रवासी यजमानाच्या अधिक जवळ जातो, असे मानण्याची पद्धत आहे. ह्या पुस्तकात तरी तो आपल्याच टोळीच्या अधिक जवळ जातो.

ऑडन जानेवारी १९३७ मध्ये स्पेनला गेला. १९४० च्या मे महिन्यात ब्रिटिश सैन्य आइसलंडवर उतरले. मॅक्नीसने ज्यांना पद्यपत्र लिहिले त्या शेपर्ड दांपत्यापैकी ग्रॅहॅम शेपर्ड १९४३ साली अटलांटिक महासागरात नौदलाच्या सेवेत असताना मृत्यू पावला. १९६४ साली ऑडन पुन्हा त्या बेटावर गेला, त्या वेळी मॅक्नीसला जाऊन वर्ष होऊ घातले होते. १९६७ च्या आवृत्तीस नवी प्रस्तावना लिहिण्याचे काम त्यामुळे दोघांपैकी एकट्याकडे आले.