सार्जंट स्टबी : हा हुद्दा दिला कुणी?

मागच्या रविवारी सिनॉप्सिस दुरुस्त करायचा सोडून मी 'सार्जंट स्टबी : ॲन अमेरिकन हीरो' हा २०१८ चा ॲनिमेशनपट बघत बसले. दिग्दर्शक रिचर्ड लॅनी. लहान मुलांचा सिनेमा आहे, डोक्याला ताप नको, एवढाच विचार होता. पण शेवटी डोकं परत त्याच जागी आलं. म्हणून तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताय किंवा नुकतंच लिटरेचर रिव्ह्यूला बसलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी गोष्ट सांगते. १९१७ साल. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरलेली. कनेक्टिकटमध्ये न्यू हेवनला येल विद्यापीठाच्या मैदानावर सैनिकांचं प्रशिक्षण चालू असतं आणि तिथे एक आखूड शेपटीचं भटकं कुत्रं घुटमळायला लागतं. रॉबर्ट कॉनरॉय नावाच्या जवानाला त्याचा लळा लागतो. नाव ठेवलं जातं स्टबी. १०२ वी इन्फन्ट्री फ्रान्सला निघते तेव्हा कॉनरॉय त्याला लपवून जहाजावर नेतो. पकडला जातो, तेव्हा स्टबी म्हणे पुढचा पंजा उचलून साहेबाला सलाम ठोकतो आणि साहेब विरघळतो. पुढे खंदक, विषारी वायू, एप्रिल १९१८ मध्ये सेशप्रे गावच्या लढाईत हातबॉम्बचे तुकडे लागून झालेली जखम, आर्गॉनच्या जंगलात एका जर्मनाला पकडून देणं. आणि कुत्रा-मालक दोघंही जिवंत घरी परततात.

सिनेमाची एक गोष्ट मला मनापासून आवडली. यातला कुत्रा बोलत नाही. ॲनिमेशन म्हटलं की प्राण्याच्या तोंडी विनोद आणि गाणी घालायचा मोह होतोच. इथे स्टबी वास घेतो, कान टवकारतो, खाण्याच्या मागे लागतो, कॉनरॉयच्या पायाशी येऊन बसतो. त्याच्या मनात काय चाललंय हे आपल्याला कुणी सांगत नाही. दिसलेलं वर्तन आणि त्याचा आपण लावलेला अर्थ यांत अंतर राखायचं असतं, हे आपल्याला मेथडॉलॉजीच्या पहिल्या पेपरात शिकवतात, आणि ते इथे एका मुलांच्या सिनेमाने पाळलंय.

दुसरी गोष्ट बहुतेक नकळत झालीय, पण भारी आहे. सगळी कथा सांगते कॉनरॉयची बहीण मार्गारेट (आवाज हेलेना बोनहॅम कार्टरचा). ती फ्रान्सला गेलेलीच नाही. म्हणजे निवेदक घटनास्थळी नाही, तिला जे कळलं ते भावाकडून. आता प्रत्यक्षातली परिस्थिती बघा. स्टबीबद्दल जगाला जे माहीत आहे त्यातलं बरंचसं कॉनरॉयमुळेच टिकलंय. त्याने कात्रणांची जाडजूड वही जपली. १९२६ मध्ये स्टबी मेला तेव्हा त्याचं कातडं पेंढा भरून घेतल्यासारखं जतन करून घेतलं, आणि १९५६ मध्ये हे सगळं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिलं. मेलेल्या कुत्र्याला तीस वर्षं सांभाळणारा माणूस! 'इमानी कुत्रा' म्हणताना आपण इमान कुणाच्या बाजूने मोजतो, असं वाटून गेलं.

पण इथेच माझी तक्रार सुरू होते.

शीर्षकातला 'सार्जंट' घ्या. स्टबीला खरोखर हा हुद्दा मिळाल्याचा त्या काळातला लष्करी कागद नाही. आणि तो असणार तरी कसा? पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याकडे स्वतःचं श्वानदल नव्हतंच, ते अधिकृतपणे उभं राहिलं १९४२ मध्ये. स्टबी हा तुकडीचा लाडका, सोबत आणलेला कुत्रा. दप्तरात त्याला जागाच नव्हती. जिथे दप्तर रिकामं असतं तिथे माया भर घालते, हे समजू शकतं. सिनेमाने मात्र ती भर थेट पोस्टरवर छापली.

पदकाचं तर आणखी गमतीशीर आहे. १९२१ मध्ये जनरल पर्शिंग यांनी स्टबीला सुवर्णपदक दिलं, हे खरं. पण पदक कुणाचं? ह्युमेन एज्युकेशन सोसायटी या प्राणिदयेचं काम करणाऱ्या संस्थेचं. पर्शिंग यांच्या हातून दिलं गेलं, एवढंच. आता हे वाक्य तीन वेळा पुढे सरकवून बघा. 'संस्थेचं पदक जनरलच्या हस्ते', मग 'जनरलने दिलेलं पदक', मग 'सैन्याचं पदक'. कुणीही खोटं बोललं नाही. प्रत्येकाने फक्त एक शब्द गाळला.

तसंच '१७ लढायांत भाग घेतला'. हा आकडा सगळीकडे भेटतो. पण कुत्र्याने लढाईत भाग घेतला म्हणजे नेमकं काय? खंदकात होता? तुकडीच्या मागे तळावर होता? व्याख्या नसलेल्या आकड्याला तुम्ही तुमच्या टेबलात जागा द्याल का? सिनेमाकडून तळटीप मागणं हा माझा आगाऊपणा आहे, मान्य. पण जो सिनेमा कुत्र्याच्या तोंडी एक शब्द घालत नाही, त्याच्याकडून हुद्द्याच्या बाबतीतही तेवढाच संयम अपेक्षित होता. शिवाय त्याने काही बिघडलं नसतं. कागदावर नाव नसलेला कुत्रा वायूचा वास आधी ओळखून झोपलेल्या माणसांना उठवतो, ही गोष्ट सार्जंटच्या गोष्टीपेक्षा जास्त भिडते. फीत लावून सिनेमाने त्याला उलट साधा करून टाकलाय. कॉनरॉयचंही तसंच. भटकं कुत्रं लपवून युद्धावर नेणाऱ्या माणसात एखादी तरी वाकडी रेघ असेल की नाही? इथे तो पहिल्यापासून शेवटपर्यंत गुणी मुलगा.

हे मला एवढं का टोचलं ते सांगते. माझा विषय नदीच्या गाळातले जड धातू. सिनॉप्सिसच्या प्रस्तावनेत मी शिशाच्या प्रमाणाचा एक आकडा टाकला होता, एका रिव्ह्यू पेपरमधून उचललेला. आरएसीच्या आधी गाईडनी विचारलं, "मूळ पेपर उघडला होतास का?" नव्हता. उघडायला गेले तर रिव्ह्यूवरून दुसऱ्या पेपरवर, तिथून तिसऱ्यावर. मूळ आकडा सुकवलेल्या गाळाचा निघाला. वाटेत कुणीतरी 'सुकवलेल्या' हा शब्द गाळला होता आणि मी तो आकडा ओल्या गाळाच्या आकड्यांशेजारी बसवून अख्खा परिच्छेद रचला होता. माझा 'रिसर्च गॅप' त्याच परिच्छेदावर उभा होता. तो गेला. प्रस्तावना जवळजवळ नव्याने लिहावी लागली आणि सादरीकरण पुढच्या महिन्यावर ढकललं गेलं. राग कुणावर काढणार? मीच चौथी होते त्या साखळीत.

तर सिनेमा बघा, जरूर बघा. बहिणीचा आवाज सुरू झाला की स्वतःला विचारत राहा, हे हिला कुणी सांगितलं असेल?

माझ्या प्रस्तावनेत आता 'सुकवलेला गाळ' हे शब्द ठळक टायपात आहेत. गाईड म्हणाल्या, "ठळक कशाला? साधेच ठेव, पण ठेव."