‘बारीक पूड’ आणि ‘वाढलेला गुण’ : एका विधानाची चिकित्सा

‘पानांची पूड जितकी बारीक, तितका तिच्या बाष्पनशील तेलाचा प्रतिऑक्सिडीकारक गुण अधिक’ अशा घाटाचे विधान विद्यार्थ्यांच्या प्रबंधलेखनात सहज उतरते. विधान सुटसुटीत आहे. परंतु त्यातील संदिग्धता हा केवळ शैलीचा दोष नव्हे. तिच्यामुळे प्रयोगाची पुनरावृत्तीच अशक्य होते.

प्रथम ‘बारीक’ हा शब्द घेऊ. हे विशेषण सापेक्ष आहे. आपल्या भाषेतील ‘भरड’, ‘चाळीव’, ‘वस्त्रगाळ’ हे जुने शब्द त्याहून बोलके आहेत. ‘वस्त्रगाळ’ हा शब्द सूक्ष्मतेबरोबर ती ठरविण्याची क्रियाही सांगतो. शार्ङ्गधरसंहितेतील चूर्णाच्या लक्षणात वस्त्राने गाळण्याची अट आहेच. तथापि वस्त्राची वीण सर्वत्र सारखी नसते. म्हणून चाळणीच्या छिद्राचे माप मायक्रॉनमध्ये देणे अवश्य आहे. नुसत्या क्रमांकाने घोटाळा होतो. ४० क्रमांकाच्या चाळणीचे छिद्र सुमारे ४२५ मायक्रॉनचे, तर ६० क्रमांकाचे सुमारे २५० मायक्रॉनचे असते. शिवाय एकच चाळणी कणाची केवळ वरची मर्यादा सांगते. खालच्या मर्यादेसाठी दुसरी चाळणी हवी.

दुसरा शब्द ‘गुण’. येथे तेलाचा उतारा आणि तेलाची क्षमता या दोन भिन्न गोष्टी एकत्र होतात. नीलगिरीच्या तैलग्रंथी पानाच्या आत असतात. त्या दळल्याने फुटतात व वाफ तेलापर्यंत लवकर पोहोचते. तुळशीच्या ग्रंथी पानाच्या पृष्ठभागावर असल्याने तेथे दळण्याचा लाभ तितका निश्चित नाही. उलट दळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने हलके घटक उडून जातात. अतिसूक्ष्म पूड गठ्ठा धरते आणि वाफ तिच्यातील फटींतून निसटते. युजेनॉलप्रधान तेलातून हलके घटक गेले, तर सुमारे २५४ अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या युजेनॉलचे प्रमाण तुलनेने वाढेल. म्हणजे एकूण तेल घटले असतानाही प्रत्येक थेंबाची क्षमता वाढलेली दिसेल. यास ‘गुण वाढला’ म्हणावयाचे काय?

तिसरी अडचण अंकांची आहे. १९५८ साली ब्लॉइस यांनी मांडलेल्या डीपीपीएच पद्धतीत मूलकांची संख्या निम्मी करण्यास लागणारी संहती पुष्कळदा निष्कर्ष म्हणून देतात. हा अंक लहान, तर क्षमता मोठी. इकडे चाळणीचा क्रमांक मोठा, तर कण लहान. अशा दोन उलट मोजपट्ट्या एका वाक्यात आल्या, की ‘वाढले’ हे क्रियापद निरर्थक होते.

शेवटी ‘अर्क’. परंपरेने हा शब्द ऊर्ध्वपातित द्रवास लावतात. आज तो विद्रावकाने काढलेल्या निष्कर्षासही लावला जातो. तुळशीतील रोझमॅरिनिक आम्ल अशा निष्कर्षात उतरते, परंतु ते बाष्पनशील नसल्याने ऊर्ध्वपातित तेलात येत नाही. निष्कर्षावरील प्रयोगाचे फळ तेलाच्या नावे मांडणे हा म्हणूनच शब्दाने घडविलेला प्रमाद होय.

तेव्हा विधान असे असावे : अमुक ते अमुक मायक्रॉन कणांच्या पुडीतून इतका उतारा मिळाला, तेलाचे घटक हे, निम्म्या मूलकांसाठी लागलेली संहती ही. वाक्य लांबेल खरे, पण ते दुसऱ्यास पडताळून पाहता येईल.