ध्रुपद धरणारे

कोजागरी उलटली की काकतीत पहाटे चार-साडेचारला घराबाहेर पडणारी माणसं दोन प्रकारची असतात. काही जण कानटोपी चढवून, शाल गुंडाळून देवळात काकड्याला निघतात. काही जण डबा घेऊन कारखान्याच्या पहिल्या पाळीला. दिवाळीच्या चार दिवसांत त्यांत तिसऱ्यांची भर पडते. अंगाला उटण्याचा वास, नवा झब्बा आणि गाडीचं तोंड बेळगावकडे. ही मंडळी ‘दिवाळी पहाट’ ऐकायला निघालेली असतात. अंतर जेमतेम दहा किलोमीटर. इकडे देवळात जे नामदेव-तुकोबा चाललेले असतात, तेच तिकडे दिव्यांच्या झोतात चाललेले असतात.

सणाच्या दिवसांतल्या जुन्या गाण्याची तब्येत तपासायला म्हणून काकतीसारखी जागा सोयीची. निदान आधीच सांगून टाकतो. गाणं धडधाकट आहे. ऐकणारे वाढलेत. व्यासपीठावर गाणाऱ्यांची तयारीही उणी नाही. ओस पडत चाललीय ती मधली जागा, ध्रुपद धरणाऱ्यांची.

हे ध्रुपद म्हणजे ख्यालाच्या आधीची ती भारदस्त गायकी नव्हे. वारकरी कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी उभे राहतात आणि अभंगाचं पालुपद उचलून धरतात, ते ध्रुपद. तुकोबांनी आपल्या कीर्तनाची सुरुवात सांगताना हेच काम सांगितलं आहे: पुढचा गाईल त्याचं ध्रुपद मागे राहून धरलं. ज्याला एकट्यानं गाता येत नाही पण गाण्यात राहता येतं, त्याची ही जागा. तो पुरता गवई नसतो आणि नुसता श्रोताही नसतो. सगळं सामुदायिक गाणं उभं असतं ते त्याच्या खांद्यावर.

युरोपात जुन्या संगीताची चळवळच झाली, ती याच माणसाला शोधत. व्हायोल, ल्यूट, रेकॉर्डर ही वाद्यं तिकडे घराघरांतून केव्हाच नाहीशी झाली होती. आर्नल्ड डॉल्मेच या कारागिरानं जुने नमुने पाहून ती पुन्हा घडवली. त्याचा जुना रेकॉर्डर १९१९ साली लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर हरवला, म्हणून त्यानं नवा करायला घेतला आणि त्यातून हे वाद्य पुन्हा लोकांच्या हातात आलं. १९२५ साली त्यानं हॅझलमियर गावी उत्सव सुरू केला, त्यात घरातली सगळी मंडळी वाजवायला बसत. पुढे शिक्षक, कारकून, डॉक्टर अशी हौशी माणसं सुट्यांत एकत्र येऊन तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या रचना वाजवू लागली. तुटलेली दोरी त्यांनी गाठ मारून जोडली.

आपल्याकडे असं वेगळं खातं उघडावं लागलं नाही, कारण दोरी तुटलीच नाही. पण तुटली नाही म्हणून ती कुठे विरलीय हे कुणी फारसं पाहिलंही नाही. तुकोबांच्या गाथेची संशोधित प्रत शंकर पांडुरंग पंडितांनी १८६९ ते १८७३ या काळात छापून आणली, तेव्हापासून शब्दांचा पाठभेद निघाला की अभ्यासक वाद घालतात. चालींचा पाठभेद कोण पाहतो? भातखंड्यांनी गावोगाव हिंडून बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या. भजनाच्या चाली बहुतांशी तोंडातच राहिल्या, आणि तोंडं बदलतात.

काकडाच घ्या. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत महिनाभर रोज पहाटे चालणारं हे गाणं म्हणजे आपल्याकडच्या जुन्या संगीताचा जिवंत संग्रह. देवाला जागवण्याचे अभंग, काकडआरती, भूपाळ्या, गौळणी, आणि मधे वासुदेव, जोगी, आंधळा, पांगळा, मुका, बहिरा ही रूपकं. मध्ययुगीन गावातल्या रस्त्यावरची सगळी माणसं तासाभरात देवापुढून जातात. साथीला वीणा, टाळ आणि पखवाज. पट्टी वरची, काळी चार किंवा काळी पाच, कारण हे गाणं ध्वनिक्षेपकाच्या आधीचं आहे आणि शेवटच्या घरापर्यंत पोचायचं असतं. भजनी ठेका आधी संथ, मग हळूहळू चढत जाणारा.

यातली सर्वांत मोलाची गोष्ट रचनांपेक्षा रीत आहे. दारात कुणी नवखा दिसला की आतून आवाज येतो, ‘या की ओ, टाळ घ्या!’ तुम्हाला गाता येतं का, हे कुणी विचारत नाही. चुकीच्या मात्रेवर टाळ पडला तर शेजारचा नुसतं बघतो, आणि तेवढ्यानं पुढच्या आवर्तनाला हात सुधारतो. फीशिवाय, परीक्षेशिवाय लय शिकवणारी ही शाळा.

या शाळेचा पट आता रोडावलाय. कारण भक्ती कमी झाली, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. कार्तिकात पश्चिमेकडच्या शिवारात भातकापणी असते, त्याच सुमाराला साखर कारखाने पेटतात आणि ऊसतोड सुरू होते. औद्योगिक वसाहतीतल्या पाळ्या सणवार पाहत नाहीत. पूर्वी काकडा आटोपून माणूस शेतावर जायचा, त्याचा दिवस त्याच्या हातात होता. आता घड्याळ दुसऱ्याचं आहे. म्हणून काकड्याला उरतात वयस्क मंडळी, आणि शाळेला सुटी असेल तेवढे दिवस पोरं. समाप्तीच्या काल्याला आणि महाप्रसादाला मात्र अख्खं गाव लोटतं.

चालींतला बदल याहून बारीक आहे. भीमसेन जोशींच्या अभंगवाणीनं अभंगाला मैफलीत मानाचं पान मिळवून दिलं, त्याबद्दल कृतज्ञच राहायला हवं. पण तीच ध्वनिमुद्रणं ऐकून वाढलेली पिढी देवळातही तीच चाल म्हणू लागली. एकट्या, कसलेल्या गळ्यासाठी बांधलेली चाल पंधरा टाळकऱ्यांना उचलता येत नाही. मग एक जण गातो आणि बाकीचे टाळ धरून ऐकतात. ज्या चालीत ध्रुपद धरायला जागा होती ती मागे पडली आणि देवळात नकळत मैफल शिरली.

आता बेळगावच्या पहाटेकडे वळू. दिवाळी पहाटेला नावं ठेवण्याची समीक्षकांत फॅशन आहे. ती मला अन्याय्य वाटते. या कार्यक्रमांनी शहरातल्या कुटुंबांना वर्षातून एकदा का होईना, सूर्योदयाला सुरांपुढे आणून बसवलं. सारंगी, व्हायोलिन, बासरी वाजवणाऱ्यांना बिदागी दिली. स्थानिक मुलांना मोठ्यांच्या आधी दहा मिनिटं गायला मिळतात, तीही लहान गोष्ट नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. आपल्या मैफली एरवी संध्याकाळच्या. त्यामुळे ललत, भटियार, रामकली, जोगिया, विभास हे राग आज ऐकायला मिळणं दुर्मीळ झालंय. पहाटेची मैफल म्हणजे त्यांना चालून आलेली संधी. प्रत्यक्षात काय होतं? भैरव नाही तर तोडीचा एक ख्याल वीस मिनिटांत उरकतो आणि मग गाडी ठरलेल्या स्टेशनांवरून धावते: अभंग, नाट्यगीत, भावगीत, भैरवी. सुरुवातीला होनाजी बाळाची भूपाळी असतेच. पेशवाईतल्या शाहिराची ही रचना आज आपण ऐकतो ती बहुधा १९५१ सालच्या ‘अमर भूपाळी’ या चित्रपटातल्या वळणानं. म्हणजे कार्यक्रमातली ही जुनी वस्तूही प्रत्यक्षात चित्रपटाच्या वयाची असते. याच भूपाळीपाशी एक मौज सांगण्यासारखी असते. भूप हा राग रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, तरी त्याचे ते पाच स्वर पहाटेच्या भूपाळीत चालतात आणि दिवसा देशकारात वेगळंच रूप घेतात. निवेदक मात्र या जागी शेरोशायरी सांगतो.

काकतीहून सुटलेल्या माणसाला दोन-अडीच तासांच्या आत काय काय गाठता येतं, ते पाहिलं की ही काटकसर जास्त खटकते. कोल्हापूर, जिथे अल्लादिया खाँसाहेबांनी आपली गायकी रुजवली. इचलकरंजी, जिचं नाव बाळकृष्णबुवांनी लावलं. कुरुंदवाड, जिथे १८७२ साली विष्णु दिगंबर पलुस्कर जन्मले. मिरज, जिथे अब्दुल करीम खाँसाहेब राहिले आणि जिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. खाली बेळगावजवळ सुळेभावी, कुमार गंधर्वांचं जन्मगाव. इतक्या समृद्ध परिसरात पहाटेचा कार्यक्रम वर्षानुवर्षं त्याच बारा गाण्यांवर चालवायला खरं तर कौशल्य लागतं.

एक जुना ठेवा तर आपल्या अगदी अंगणातला. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० साली ‘शाकुंतल’ आणि १८८२ साली ‘सौभद्र’ त्यांनी रंगभूमीवर आणलं, तेव्हा पदांसाठी या भागात कानावर पडलेल्या कानडी चालीही घेतल्या. मराठी नाट्यसंगीताची पहिली शिदोरी अशी सीमेवर बांधलेली आहे. पुढे गोविंदराव टेंब्यांनी १९११ साली ‘मानापमान’ला रागदारी आणि पूरब बाजाच्या चाली दिल्या आणि जुन्या साध्या, साकी-दिंडीच्या वळणाच्या चाली मागे पडल्या. आजची पहाट नाट्यसंगीत म्हणून गाते ते मुख्यतः टेंब्यांनंतरचं. किर्लोस्करी पदं हौशी गळ्याला सोसणारी होती. सीमाभागात मराठी आणि कानडी वाद्यवृंद शेजारी बसवून त्या चालींची मूळ घरं शोधावीत, असा कार्यक्रम काकतीच्या माणसाला सुचायला हरकत नाही. इथे पोरं दोन्ही भाषांत भांडतात आणि दोन्ही भाषांत भजन म्हणतात.

बेळगावात साथीच्या कलेला मोठं करणारा माणूस होऊन गेला. पंडित रामभाऊ विजापुरे, १९१७ ते २०१०. आकाशवाणीनं १९४० साली पेटीला दार बंद केलं, ते १९७१ मध्ये जरा किलकिलं झालं. त्या सगळ्या काळात आणि नंतरही रामभाऊंनी गवयांच्या पिढ्यांमागून पिढ्यांना साथ केली आणि गावातल्या मुलांना पेटी शिकवली. साथ म्हणजे तरी काय? गाणाऱ्याच्या मागे राहून त्याचं ध्रुपद धरणंच ते. याच बेळगावात राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवताना पु. ल. देशपांड्यांना रावसाहेब भेटले, जे पुढे ‘गणगोत’मध्ये गेले. रावसाहेब स्वतः गवई नव्हते. पण कुणाच्या तरी गळ्याचं वा बोटांचं भलं व्हावं म्हणून जीव टाकणारा असा माणूस गावात असला की बैठक आपोआप जमते. आर्ट्स सर्कलसारख्या संस्था उभ्या राहिल्या त्या अशाच माणसांच्या हौसेवर, आणि कोल्हापूरचा देवल क्लब तर १८८३ पासून त्याच हौसेवर चाललाय.

त्या हौसेची जागा आता दोन गोष्टींनी घेतलीय, परीक्षा आणि स्पर्धा. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिका-मध्यमा देणारी मुलं आज गल्लोगल्ली आहेत. त्यांना राग ओळखता येतो, ताना येतात. दुसऱ्याच्या गाण्याला पेटी धर म्हटलं की बोटं थबकतात, कारण अभ्यासक्रमात एकट्यानं वाजवायचं असतं. भजनस्पर्धांची गोष्ट थोडी अधिक गुंतागुंतीची. स्पर्धेनं महिला भजनी मंडळांना घराबाहेर आणलं, आणि गेल्या काही वर्षांत या भागातल्या हौशी संगीतात घडलेली सर्वांत चांगली गोष्ट तीच आहे. जात्यापाशी आणि परसात राहिलेला आवाज मंडपात आला. पखवाजावर बाईचा हात पडला. पण ठरावीक मिनिटं, एकसारख्या साड्या, परीक्षकांची पाटी यांत पंधरा जणींतल्या तिघी सुरेल निवडल्या जातात आणि उरलेल्या ओठ हलवतात. बेसूर आवाज काठावर बसवायची सवय एकदा लागली की त्या आवाजाला सुरात येण्याची वाटही बंद होते.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी ही इथली खेडी साहित्य संमेलनं भरवतात. ग्रंथदिंडीला टाळमृदंग लागतोच, पण तो दारापर्यंत. आत भाषणं सुरू झाली की टाळकरी चहाला जातात. त्यांच्याच चाली, त्यांच्याच तोंडून ऐकायला आणि जपून ठेवायला तासभर राखला तर त्या संमेलनाचं काही बिघडणार नाही. दिवाळी पहाटेच्या संयोजकांकडून तर माझी मागणी याहून लहान आहे. दोन तासांतली वीस मिनिटं प्रेक्षागृहातले दिवे लावा, व्यासपीठावर एखाद्या गावचं काकडा मंडळ बसवा आणि खुर्चीतल्या लोकांना पालुपद उचलू द्या. पहिल्या दिवशी गोंधळ होईल. होऊ दे.

बलिप्रतिपदेला बेळगावच्या गल्ल्यांतून सजवलेल्या म्हशी पळतात, तोवर पहाटेचे मंडप सुटत आलेले असतात. खुर्च्या रचल्या जातात, ध्वनिक्षेपकाच्या तारा गुंडाळल्या जातात, आणि वृत्तपत्रात दुसऱ्या दिवशी गर्दीचा आकडा येतो. काकड्याचा आकडा कुठे येत नाही, त्याला अजून पंधरा दिवस बाकी असतात. पण जुन्या गाण्याची खरी गणती करायची असेल तर मला दुसरी मोजदाद ठाऊक आहे. पहाटे साडेचारला गावच्या देवळात जायचं आणि खुंटीवर किती टाळ लटकताहेत ते बघायचं. जितके खुंटीवर, तितकी माणसं कमी. त्यातली एक जोडी आपण उतरवली, की आकडा एकानं सुधारतो.