लांडगीण सगळ्यांना आठवते, अस्वल कुणालाच नाही

आल्डो लिओपोल्डच्या ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ या पुस्तकातला ‘थिंकिंग लाइक अ माउंटन’ हा निबंध मोजून तीन-चार पानांचा आहे. काही तरुण कड्यावर बसून जेवतायत. खाली नदी आहे. कुणीतरी प्राणी पाणी ओलांडून येतो. आधी वाटतं हरिणी असेल, मग कळतं ती लांडगीण आहे. तिची वाढलेली पिल्लं तिच्याभोवती नाचायला लागतात आणि वरून बंदुका सुरू होतात. निवेदक खाली पोचतो तेव्हा लांडगीण मरत असते. तिच्या डोळ्यांतला हिरवा जाळ विझताना तो बघतो. लांडगे कमी म्हणजे हरणं जास्त, असा त्याचा तोवर हिशोब होता. या हिशोबात काहीतरी चुकतंय हे त्याला तिथे जाणवतं.

निसर्गाबद्दल इंटरनेटवर थोडंफार वाचणाऱ्या कुणालाही हा प्रसंग कुठे ना कुठे भेटलेला असतो. एका क्षणात माणूस बदलला, अशी त्याची गोष्ट करून सांगितली जाते. निबंध मला अतिशय आवडतो. पण या लोकप्रिय वाचनामुळे लिओपोल्डच्या कामातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट आपल्या हातून निसटते असं मला वाटतं. ती म्हणजे एका सरकारी खात्यात राहून, कमिट्यांमध्ये बसून, नैसर्गिक साधनांचं व्यवस्थापन करताना विचार कसा बदलतो, आणि बदलला तरी धोरण का बदलत नाही.

निबंध जे सांगत नाही तिथून सुरुवात करू. हे तरुण त्या कड्यावर कशाला गेले होते? ते ड्यूटीवर होते. साल १९०९. लिओपोल्ड २२ वर्षांचा, येलमधून वनशास्त्राची पदवी घेऊन अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसमध्ये नुकताच रुजू झालेला. नेमणूक ॲरिझोनातल्या अपाची राष्ट्रीय वनात. जंगलात लाकूड किती आहे हे मोजणाऱ्या पथकाचा तो प्रमुख होता. फॉरेस्ट सर्व्हिस स्थापन होऊन चारच वर्षं झाली होती आणि तिचा पहिला प्रमुख गिफर्ड पिंचो याने घालून दिलेली दिशा स्पष्ट होती. जंगल हे देशाचं साधन आहे, ते उधळायचं नाही, शास्त्रशुद्ध पद्धतीने वापरायचं. या चौकटीत झाडं म्हणजे साठा, हरणंही साठा आणि लांडगा म्हणजे साठ्याला लागलेली गळती. लांडगा दिसला की गोळी घालणं यात त्या काळच्या अधिकाऱ्याला क्रूरपणा दिसत नव्हता. गळती बंद करणं हे कामच होतं.

दुसरी गोष्ट निबंध सांगतो, पण आपण ती वाचत नाही. गोळी झाडल्यावर लिओपोल्ड बदलला नाही. पुढे न्यू मेक्सिकोत त्याने शिकाऱ्यांच्या संघटना बांधल्या, १९१५ पासून ‘द पाइन कोन’ नावाचं पत्रक काढलं आणि लांडगे, प्यूमा समूळ संपवा अशी मागणी लावून धरली. १९३३ साली त्याचं ‘गेम मॅनेजमेंट’ आलं. शिकारीचे प्राणी पिकासारखे कसे वाढवावेत याचं ते पाठ्यपुस्तक आहे. १९३५ मध्ये त्याने जर्मनीतली काटेकोर व्यवस्थापनाची आणि हरणांनी ओरबाडलेली जंगलं पाहिली. पुढच्या दोन वर्षांत मेक्सिकोच्या चिहुआहुआ भागातले, लांडगे आणि प्यूमा शाबूत असलेले डोंगर पाहिले. निबंध लिहिला तो एप्रिल १९४४ मध्ये. गोळी आणि निबंध यांच्यात ३५ वर्षं आहेत.

तेही त्याने आपणहून लिहिलं असं नाही. अल्बर्ट होखबाउम नावाचा त्याचा माजी विद्यार्थी या पुस्तकाची चित्रं काढणार होता. कच्चे निबंध वाचून त्याने पत्रांतून गुरूला सुनावलं की तुम्ही इथे सगळं आधीपासून कळलेल्या माणसासारखे बोलता, लांडगे संपवण्यात तुमचाही हात होता, ते लिहा. मराठी साहित्यात गुरूला असं पत्र लिहिणारे विद्यार्थी आणि ते मनावर घेणारे गुरू किती सापडतील, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मग निबंध खोटा ठरतो का? माझ्या मते नाही. लांडगीण मारली होती हे लिओपोल्डच्या तेव्हाच्या पत्रावरूनही दिसतं. ३५ वर्षांचा प्रवास त्याने एका दुपारीभोवती गुंडाळला, आणि निबंधकाराला तेवढी मुभा असते. शिवाय तो प्रवास निबंधात आहेच, फक्त एका परिच्छेदात. एकामागून एक राज्यांनी लांडगे संपवले आणि त्यानंतर डोंगरांची काय अवस्था झाली ते आपण पाहत आलो, असं तो सांगतो. हरणांनी झुडपं खुडली, रोपं खाल्ली आणि शेवटी उपाशी मेली. त्यानंतर येतं ते माझ्या मते निबंधाचं हृदय. लांडग्यांनी नर हरिण मारलं तर दोन-तीन वर्षांत त्याची जागा भरून निघते. हरणांनी डोंगर उजाड केला तर तेवढी दशकंही पुरतील याची खात्री नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे चुकीचा कोड गेला की पाच मिनिटांत डॅशबोर्डवर लाल रेघ वर चढते आणि रात्री दोनला फोन वाजतो. त्यामुळे हे गणित वाचताना मी थांबलो. लांडगे मारण्याच्या धोरणाचा डॅशबोर्ड कसा दिसला असेल? सुरुवातीची कित्येक वर्षं सगळं हिरवं. हरणं वाढतायत, शिकारी खूश, शिकारीच्या परवान्यांमधून खात्याकडे पैसा येतोय. लाल रेघ उमटेपर्यंत निर्णय घेणारा अधिकारी बढती घेऊन दुसरीकडे गेलेला असतो. चूक आणि तिचा परिणाम यांच्यातलं अंतर एका माणसाच्या नोकरीपेक्षा मोठं असेल, तर त्या खात्याने शिकायचं कसं? ‘डोंगरासारखा विचार करा’ याचा अर्थ मला इथे लागतो. त्यात गूढ काही नाही. ज्या गतीने जमीन उत्तर देते त्या गतीने हिशोब ठेवा, एवढंच.

एप्रिल १९४४ ही तारीखही महत्त्वाची आहे. तोवर लिओपोल्ड विस्कॉन्सिनमध्ये प्राध्यापक होता आणि १९४३ पासून राज्याच्या कॉन्झर्वेशन कमिशनचा सदस्य. लांडगे जवळजवळ संपलेल्या त्या राज्यात हरणं बेसुमार वाढली होती आणि हिवाळ्यात उपासमारीने मरत होती. फक्त नर मारून भागणार नाही, माद्याही कमी केल्या पाहिजेत, असं त्याच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सांगितलं. १९४३ च्या हंगामात तशी परवानगी मिळाली आणि सुमारे १ लाख २८ हजार हरणं मारली गेली. लोक खवळले. ‘सेव्ह विस्कॉन्सिन्स डिअर’ नावाचं वृत्तपत्रच निघालं आणि लिओपोल्ड त्याचं आवडतं लक्ष्य झाला. पुढच्याच वर्षी राज्य नरांच्या शिकारीवर परतलं. माद्यांची शिकार पुन्हा सुरू झाली ती १९४९ मध्ये. एप्रिल १९४८ मध्ये शेजारच्या शेतात लागलेला वणवा विझवताना हृदयविकाराने लिओपोल्ड गेला होता.

म्हणजे हा निबंध लिहिणारा माणूस जनसुनावणीत हरत होता. सुझन फ्लेडरने १९७४ मध्ये हरणांच्या या प्रश्नावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्याला याच निबंधाचं नाव दिलं. ते माहीत असेल तर निबंधातला डोंगर वेगळा दिसू लागतो. लिओपोल्डला असा साक्षीदार हवा होता ज्याला पुढची निवडणूक नाही, ज्याला हरणांचे गोड फोटो दाखवून रडवता येत नाही.

माझी तक्रारही नेमकी इथेच आहे. डोंगर कमिशनमध्ये येऊन बसत नाही. त्याच्या वतीने कुणीतरी माणूसच बोलतो, आणि बहुतेक वेळा तो खात्याचा माणूस असतो. लिओपोल्डच्या त्या डोंगरावर हरणं, कोयोटी, गुराखी, शिकारी सगळे आहेत. ज्यांचं नाव त्या वनाला दिलं ते अपाची लोक नाहीत. जंगल कुणाचं आणि त्याच्या वतीने कोण बोलणार, हा प्रश्न गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावांनी वनखात्याशी वर्षानुवर्षं भांडून सोडवत आणला. ते ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही रिकामी जागा खटकायला हवी.

शास्त्राच्या अंगानेही निबंधाला प्रश्न विचारले गेलेत. लांडगे गेले म्हणून हरणं फुटली, या कथेचं गाजलेलं उदाहरण म्हणजे ॲरिझोनातलं कैबाब पठार. १९७० मध्ये ग्रॅम कॉली या अभ्यासकाने दाखवलं की तिथले हरणांचे आकडे भरवशाचे नव्हते आणि त्याच काळात गुरं-मेंढ्यांची चराईही बदलली होती. वाद पुढे चालू राहिला. निबंध त्याने पडत नाही, पण एका कारणाला एक परिणाम इतका सरळ हिशोब जमिनीचा नसतो, हे लक्षात राहतं.

म्हणून मला याच पुस्तकातला ‘एस्कुडिया’ हा निबंध जास्त प्रामाणिक वाटतो. एस्कुडिया हा ॲरिझोनातला डोंगर. त्यावर एक म्हातारं ग्रिझली अस्वल राहायचं आणि वर्षाला एखादी गाय मारायचं. सरकार एक फासेपारध्या पाठवतं. सापळे, विष, सगळं करून तो थकतो. शेवटी अरुंद वाटेवर दोरी बांधलेली बंदूक लावतो आणि अस्वल स्वतःच्याच पावलाने चाप ओढून मरतं. कातडं कुचकामी निघतं.

इथे डोळ्यांतला जाळ नाही, साक्षात्कार नाही. लिओपोल्ड एकेका खुर्चीपाशी जातो. पारधी, ज्याला आपण काय संपवलं ते कळलं नाही. त्याला पाठवणारा ब्यूरोचा प्रमुख, जो स्वतः जीवशास्त्रज्ञ होता. पैसे मंजूर करणारे काँग्रेसचे सदस्य. आणि शेवटी आम्ही, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिसचे अधिकारी, ज्यांनी मान डोलावली. सोन्यासाठी मूळ रहिवाशांना संपवणाऱ्या जुन्या स्पॅनिश सरदारांना हेच अधिकारी नावं ठेवत होते. आपणही तसल्याच स्वारीवर आहोत हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. इथे कुणीही खलनायक नाही. प्रत्येकाने आपल्या टेबलावरचं काम चोख केलं आणि अस्वल संपलं. तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत काम करणाऱ्या माझ्या पिढीला हे चित्र अनोळखी नसावं.

आपल्याकडे मारुती चितमपल्लींचं असंच झालं. तीन दशकांहून अधिक काळ वनखात्यात काढलेल्या या लेखकाला आपण ‘अरण्यऋषी’ केलं. ऋषी म्हटलं की फाइल, बदली, वरिष्ठ, बजेट सगळं नजरेआड होतं आणि उरतात फक्त पक्षी. त्यांचं ‘चकवाचांदण’ एका सरकारी नोकराचं आत्मचरित्र म्हणूनही कुणीतरी नीट वाचायला हवं.

मार्च १९९८ मध्ये अपाची राष्ट्रीय वनात ११ मेक्सिकन लांडगे सोडण्यात आले. ते सोडले यूएस फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसने. १९१५ पासून सरकारी पैशाने लांडगे मारणारा बायॉलॉजिकल सर्व्हे १९४० साली याच सर्व्हिसमध्ये विलीन झाला होता. हा बदल घडायला कायदे, खटले, पिंजऱ्यातल्या लांडग्यांची पैदास आणि असंख्य कंटाळवाण्या बैठका लागल्या. त्यांच्यावर कुणी रील करणार नाही. ‘सँड काउंटी अल्मनॅक’ हातात आलंच तर आधी अस्वलाचा निबंध वाचा, मग लांडगिणीचा. पुस्तकात क्रम उलटा आहे.