सोलापूरचा ‘मार्शल लॉ’ : एका संज्ञेची चिकित्सा

सोलापूरच्या १९३० च्या उठावावर मराठीत जे लेखन झाले आहे, त्याचा भर बहुतांशी हौतात्म्यावर आहे. आणि ते स्वाभाविकही आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येथेच, येरवड्याच्या तुरुंगात, फाशी देण्यात आले. परंतु या लेखनात ‘मार्शल लॉ’, ‘लष्करी कायदा’ व ‘लष्करी राजवट’ हे शब्द एकमेकांच्या जागी इतक्या सैलपणे वावरतात की, सत्ता कोणाकडून कोणाकडे गेली, हा राज्यशास्त्राचा मुख्य प्रश्न बाजूलाच राहतो.

१२ मे ते ३० जून १९३० पर्यंत सोलापुरात सैन्याचा अंमल होता. पण सैन्याने सत्ता हिसकावली नव्हती. मुलकी अधिकाऱ्यांनीच ती त्याच्या हवाली केली. गव्हर्नर-जनरलच्या वटहुकुमाने तिला आधार दिला आणि पुढे ती परतही गेली. तेव्हा ही लष्करी राजवट नव्हे. मात्र एवढ्यावरून ती निरुपद्रवी ठरवणे चुकीचे होईल. राष्ट्रध्वज हाती धरणे हाही तेथे अपराध ठरला. (स्मरणग्रंथांतून हा भाग येतो, पण बहुधा शौर्यकथेची पार्श्वभूमी म्हणून!) सत्ता परत आली ती देणाऱ्याची पकड ढिली झाली नव्हती म्हणून, सैन्याने मर्यादा मानली म्हणून नव्हे.

ती पकड सुटल्यास काय होते, हे पाकिस्तानात दिसले. ७ ऑक्टोबर १९५८ रोजी राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी १९५६ ची घटना रद्द करून मार्शल लॉ पुकारला आणि सेनापती अयूबखान यांना त्याचे प्रमुख नेमले. २० दिवसांत अयूबखानांनी मिर्झांनाच पदच्युत केले. त्याच सुमारास तेथील सर्वोच्च न्यायालयाने, यशस्वी झालेली क्रांती स्वतःच नव्या कायद्याचा उगम ठरते, असा निर्णय दोसो खटल्यात दिला. तो चुकीचा असल्याची कबुली त्या न्यायालयाने दिली ती १९७२ मध्ये.

आपल्या संविधानात मार्शल लॉचा उल्लेख ३४ व्या अनुच्छेदात आहे. पण त्याची व्याख्या नाही आणि तो कोणी पुकारावा हेही सांगितलेले नाही. आहे ती, सुव्यवस्था राखताना वा पुनःस्थापित करताना केलेल्या कृत्यांबद्दल अधिकाऱ्यांना संसदेने संरक्षण देण्याची तरतूद. पंजाबातील अत्याचारांनंतर १९१९ साली ब्रिटिश सरकारने केलेला कायदाही याच जातीचा होता. असे संरक्षण मागाहून मिळू शकते, हे अधिकाऱ्याला आधीच ठाऊक असते.